बस्त्याच्या दुकानाची काच

काच धुतली की उन्हात आपोआप वाळते, तिला पुसावं लागत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. भांडी पालथी घालून वाळवतात, ओटा धुऊन वाळवतात, तशीच काच. मी शहापुरात काचा साफ करण्याचं काम करतो. माझा निम्मा दिवस लोकांना हेच सांगण्यात जातो की काच वाळते तेव्हा पाणी उडून जातं आणि पाण्यातला दगड काचेवर राहतो. आमच्या भागातल्या कितीतरी बोअरच्या पाण्यात तो दगड विरघळलेला असतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हटलं होतं, साबणाला फेस न येणारं. आमच्या घरात त्याला डाळ न शिजणारं पाणी म्हणत. दोन्ही बरोबर आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गाव टोकावड्याच्या आत, सकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. म्हणून मुरबाडला आत्याकडे राहून शिकलो. तिचे यजमान माझ्या दुसऱ्या वर्षाला गेले. मला वाटलं, आता गावी परत जावं लागणार. तेराव्यानंतरच्या सकाळी उठलो तर चुलीवर तवा चढलेला होता आणि ती म्हणाली, “कॉलेज बंद हाय का आज? मग बसलास कशाला?” त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. रात्री मी रसायनांची नावं मोठ्यानं पाठ करायचो आणि ती तांदूळ निवडता निवडता हरिपाठ ऐकावा तशी ऐकायची. आज माझ्या नावापुढे बी.एस्सी. लागतं. त्यातलं एक अक्षरही तिच्याशिवाय लागलं नसतं.

पदवीनंतर थोडे दिवस एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटी काम केलं. ते संपलं तेव्हा वर्गातल्या एका मित्राबरोबर हा धंदा सुरू केला. हायवेवरच्या बँका, दवाखाने, गाड्यांची दुकानं, सगळीकडे आता दर्शनी भागाला काच असते आणि सगळीकडे पाणी बोअरचं. आम्हाला काम कमी पडत नाही.

दिवाळीच्या तोंडावर आत्याचा फोन आला.

“पोरा, तुझ्या कामातलं हाय,” ती म्हणाली. “काचेवर बाई बसलीय.”

“काचेवर कशी बसेल, आत्या?”

“बसलीय. ये तू. आनि तिथं कुणाला काय बोलू नको.”

आत्या तेव्हा मुरबाडात, टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या कापडदुकानात झाडलोट करायची. दुकान मुख्यतः बस्त्याचं. लग्नाचे सगळे कपडे, नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत, दोन्हीकडची माणसं एकत्र बसून एकाच ठिकाणी घेतात, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. टेम्पो भरून मंडळी येतात, दिवसभर बसतात. दुकानामागे एक खोली होती, ती शेठनी आत्याला राहायला दिली होती. नोकरी आणि छप्पर एकाच दारात असल्यामुळे ती त्या दुकानाला फार जपायची.

काय झालं होतं ते तिनं मला खोलीतच, दार लोटून सांगितलं. बस्त्याला आलेल्या एका मंडळीतली म्हातारी दुकानाच्या दाराशी थबकली. म्हणाली, दाराशी काचेत बाई बसलीय, पोरीचा शालू हितनं नको. मंडळी तशीच कल्याणला गेली. मग दुसरीही एक मंडळी परत फिरली. शेठच्या आईंनी, ज्यांना सगळे मोठ्या आई म्हणतात, विचारलं की दारात रोज सकाळी पाणी कोण टाकतं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. टाकणारी विधवा होती.

“तुळशीचं लग्न लागलं का बस्त्यांची खरी गर्दी सुरू होते,” आत्या म्हणाली. “तवर काच साफ झाली तर ठीक. नायतर खोली खाली करायची.”

खोली खाली करून तिला टोकावड्याला दिराकडे जावं लागलं असतं. तिथं तिला पडवीत जागा होती आणि बोलायला गुरं. ते तिनं सांगितलं नाही. ते मला माहीत होतं.

मी बाहेर येऊन काच पाहिली.

दुकानाचं तोंड पूर्वेला. पुढे फरशीचा एक लांब कट्टा आणि कट्ट्यापासून वर छतापर्यंत काच. काचेचा खालचा भाग पार दुधाळ झाला होता, ताक पिऊन ठेवलेल्या पेल्यासारखा. असे डाग मी रोज पाहतो. पण या दुधाळपणाच्या मधोमध एक जागा स्वच्छ होती, आणि ती जागा म्हणजे बसलेली बाई होती. गुडघे जवळ घेतलेले, डोक्यावर पदर, मांडीवर काहीतरी गाठोडं, पाठ काचेला टेकलेली. कोणी काढलेली नव्हती ती. भोवताली सगळं पांढरं झालं होतं आणि ती तेवढी उरली होती. तिच्यातून आतलं आरपार दिसत होतं. आत शालू नेसवलेला पुतळा उभा होता आणि त्याचा लाल रंग फक्त तिच्या आकारातूनच लखलखीत दिसे. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, बाईच शालू नेसलीय.

“आत या, दादा, आतनं बघा,” दुकानातली एक मुलगी म्हणाली. साड्या दाखवायला दोघी होत्या. ही त्यातली बोलकी.

आत गेलो. ऊन नुकतं वर येत होतं आणि काचेतून थेट आत शिरत होतं. दुधाळ भागातून मंद उजेड येत होता, पण त्या स्वच्छ आकारातून आलेलं ऊन फरशीवर झगझगीत पडलं होतं. बसलेली बाई उजेडाची होऊन दुकानाच्या मधोमध लांबलचक पसरली होती. तिचं डोकं पुतळ्यांच्या पायाशी होतं.

“सकाळी ती हितपर्यंत येते,” मुलगी म्हणाली. “मग जसजसं ऊन चढतं तशी मागं सरकत सरकत काचेपाशी जाते. आमी काउंटर उघडेपर्यंत बाहेर.”

“ऊन वर चढलं की उजेड मागे येणारच,” मी म्हणालो.

“ते समजतं हो. पण पाय नाय ठेववत तिच्यावर.” मग जरा हसून म्हणाली, “आमच्यात एक जास्त बाई कामाला आहे, दादा. पगार मागत नाय, पण बसूनच असते.”

“तुझ्यापेक्षा बरी,” दुसरी म्हणाली. “बडबड तरी करत नाय.”

दोघी हसल्या, पण गठ्ठे उचलून गेल्या त्या भिंतीच्या कडेकडेनं.

शेठ आले. चांगले गृहस्थ. आत्याला त्यांनी कधी टाकून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर हंगाम होता. “तू ग्रॅज्युएट ना?” ते म्हणाले. “मग काढ. बाजारातलं फरशीचं ॲसिड आणून ठेवलंय.”

मी ते ॲसिड परत पाठवलं. फरशीच्या ॲसिडनं खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट खराब होते आणि कट्ट्याचा दगड जळतो. मी व्हिनेगर आणलं होतं. कापडाच्या घड्या त्यात बुडवून काचेला चिकटवल्या, वाळू नयेत म्हणून वरून प्लास्टिक लावलं. दगडाला विरघळायला वेळ द्यावा लागतो, हीच या कामातली युक्ती. मग प्लास्टिकच्या पात्यानं हलकं खरवडायचं. लोखंडी पातं फिरवलं तर काचेवर ओरखडे राहतात. शेवटी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं धुवायचं आणि रबरी वायपरनं वरून खाली एका हाताने ओढून घ्यायचं, एक थेंबही मागे ठेवायचा नाही.

घडी काढली की पांढरं निघत होतं. मी कडेकडून आत येत गेलो. तिच्याभोवतीचा दुधाळपणा कमी होत गेला तशी ती पातळ होत गेली. आधी गाठोडं गेलं, मग गुडघे. पदराची कड शेवटपर्यंत राहिली. ती पुसताना मला उगीचच वाटलं की पलीकडून कोणी आपल्या हाताकडे बघतंय. पाहिलं तर पलीकडे पुतळा होता.

संध्याकाळी काच अशी झाली की एक माणूस तिच्यावर कपाळ आपटून घेऊन शेठला शिव्या देत गेला. शेठ खूश. आत्यानं तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं. जेवताना म्हणाली, “गेली ना?”

“गेली.”

“हं,” ती म्हणाली. तिचा आवाज सुटका झालेल्या माणसाचा नव्हता.

थोड्या दिवसांनी मुरबाडात धुकं उतरायला लागलं आणि पुन्हा फोन आला. “आली,” आत्या म्हणाली. “या येळेला भिजून आलीय.”

मी सकाळी पोहोचलो तेव्हा धुकं अजून रस्त्यावर होतं. सगळी काच दवानं राखाडी झाली होती. आणि मधोमध ती. मात्र दव तिच्यावर बारीक बसलं नव्हतं. मोठे थेंब होऊन डोक्याच्या पदरापासून खाली निथळत होतं. आधी ती कोरडी होती, आता ओली. खालच्या कट्ट्यावर तिच्या बुडाशी पाणी साचलं होतं.

शास्त्र मला ठाऊक होतं. तसलं पाणी महिनोन्‌महिने काचेवर उन्हात वाळत राहिलं की काच खायला लागतं. डाग काढला तरी खाल्लेला पृष्ठभाग तसाच खडबडीत राहतो. एरवी दिसत नाही, ओल धरली की दिसतो. खडबडीत काचेवर दव बारीक बसतं, गुळगुळीत काचेवर थेंब घसरतात. मी शेठना हे समजावून सांगितलं.

“म्हणजे ती जिथं आहे तिथली काच चांगली आहे,” शेठ म्हणाले.

“हो.”

“आणि माझी बाकीची सगळी काच खराब.”

“बारीक खराब. दिसणार नाही एवढी.”

“म्हणजे ती राहिली धडधाकट, आम्ही सडलो,” शेठ म्हणाले. मागे मोठ्या आई उभ्या होत्या. त्या आत्याकडे बघत राहिल्या.

एवढी मोठी काच बदलायची तर भिवंडीहून मागवावी लागली असती आणि हंगामाच्या तोंडावर दुकानाचं तोंडच उघडं पडलं असतं. शेठनी नको म्हटलं. दुसरा उपाय पॉलिशचा होता, चांगल्या काचेला हात न लावता आजूबाजूची खाल्लेली काच घासून घासून तिच्या बरोबरीला आणायची. ते करण्याआधी मला एक कळायला हवं होतं. पाणी सगळ्या काचेवर पडलं आणि तेवढ्याच जागेवर का पडलं नाही? म्हणून त्या रात्री आत्याच्या खोलीत झोपलो आणि ती उठली तेव्हा तिच्यामागे उठलो.

उजाडायला लागलं होतं. आत्यानं बोअरच्या नळाखाली बादली भरली. आधी दारापुढे हातानं सडा टाकला, घरी अंगणात टाकतात तसा. सड्याशिवाय उंबरठा उघडायचा नाही, हे तिला दुकान असो की घर, सारखंच होतं. नंतर तिनं पाण्याचा मग घेतला आणि काचेवर पाणी मारायला लागली. गोठ्याची भिंत धुतात तसं, खांद्यातून, जोरात. रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ खाली वाहत होती. पुसणं नव्हतंच. थोड्या वेळानं ऊन येणार होतं आणि ते वाळवणार होतं.

एका टोकाकडून ती मधे आली. आणि मधे आल्यावर तिचा हात बदलला. मगमधलं पाणी तिनं डाव्या बाजूनं तिरकं मारलं. एक पाऊल सरकली. उजव्या बाजूनं तिरकं मारलं. वरून एक हलका फवारा दिला, डोक्याच्या उंचीच्या वर. मग पुढे गेली आणि पुन्हा पहिल्यासारखा जोर लावला. मधली जागा कोरडी राहिली. तिथं कोणी नव्हतं.

“आत्या,” मी म्हणालो, “मधे का सोडलंस?”

“तिथं बसते ना ती.”

“कोण?”

आत्यानं हातातला मग बादलीत ठेवला. “वाडीवरची बाई होती एक. कट्ट्यावर येऊन बसायची, टेम्पोची वाट बघत. बदलापूरला बांधकामावर न्यायचे ना बायांना. गेल्या थंडीपासनं रोज. मी पानी मारायला आले का उठायला बघायची. मी बोलले, तू बस गो, मी बाजूनं टाकते. मग ती बसायची तशीच, पाठ टेकून. मी बाजूनं टाकायची.”

“काय बोलायची?”

“काय नाय. एकदा इचारलं मला, आतल्या पुतळ्याला थंडी वाजत असंल का. मी बोलले, त्याच्या अंगावर शालू हाय, तुझ्या अंगावर काय हाय? हसली.” आत्या काचेकडे बघत होती. “नाव नाय इचारलं मी. रोज भेटणाऱ्या मानसाचं नाव कोन इचारतं.”

“आता येते?”

“मिरगापासनं बंद झाली.”

“मग आता बाजूनं कशाला टाकतेस?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. “सवय,” म्हणाली. पण सवयीचा हात असा थांबत नाही. तो हात सांभाळून चालला होता.

काचेवरचं रहस्य तर सुटलं होतं. थंडी आणि उन्हाळाभर खरी बाई तिथं बसली, तिच्या पाठीमागची काच कोरडी राहिली, बाकीची खाल्ली गेली. उमटलेली बाई तिचीच. मला बरं वाटलं, आणि ते शेठना सांगण्याआधी खात्री करावी म्हणून मी नाक्यावर गेलो, जिथं आता टेम्पोसाठी बाया उभ्या राहतात. बस्त्याच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसणारी कोण होती, असं विचारलं.

“कट्ट्यावर ना? गाठोडंवाली? ती नाय आता,” एक म्हणाली. “तापानं गेली ती. शिमग्याच्या आदी.”

“मिरगापर्यंत येत होती ना?” मी म्हणालो.

“शिमग्याच्या आदी,” ती पुन्हा म्हणाली. “मी गेलते ना मातीला.”

दुसरी म्हणाली, “तिची जागा तवापासनं रिकामीच हाय. तिथं कोन बसत नाय.”

शिमगा आणि मृग यांच्यात सगळा उन्हाळा येतो. काच सर्वांत जास्त खाल्ली जाते ती उन्हाळ्यात. मी तिथं उभा राहून हिशेब जुळवायचा प्रयत्न केला. आत्याच्या महिन्यांचा घोटाळा झाला असेल. किंवा दोघी वेगळ्या बायांबद्दल बोलत असतील. गाठोडं तर सगळ्यांकडेच असतं. यातलं काहीही खरं असू शकतं आणि मी आजही त्यापलीकडे गेलेलो नाही. आत्याला मी नाक्यावरचं सांगितलं नाही. शेठना फक्त पाण्याचं आणि बसणाऱ्या बाईचं सांगितलं.

मग मी पॉलिश सुरू केलं. काच घासायची पावडर पाण्यात कालवून तिची पातळ लापशी करायची आणि लोकरीच्या गोल पॅडनं घासायची. मशीन एका जागी जास्त ठेवलं तर काच तापते आणि तडकते, म्हणून सतत फिरतं ठेवायचं. दिवसचे दिवस गेले. आत्या अधूनमधून चहा आणून द्यायची आणि उभी राहून काचेकडे बघायची. मी रोज संध्याकाळी किटलीत पाणी उकळून वाफ काचेवर धरायचो. रोज ती वाफेत यायची, रोज थोडी कमी. एका संध्याकाळी वाफ धरली आणि काच सरसकट सारखी धुरकटली. पुन्हा धरली. काही नाही.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. शेठनी स्वतः किटली हातात घेऊन खात्री केली. “सुटलो,” म्हणाले. आत्या दारात होती. तिला म्हणाले, “राहा गं आता बिनघोर.”

तेवढ्यात मोठ्या आई आल्या. त्यांनी काच वरून खाली पाहिली, मग बाहेर जाऊन कट्ट्यावरून पाहिली, परत आत आल्या.

“गेली म्हणता,” त्या म्हणाल्या. “कुठं गेली?”

शेठनी किटली खाली ठेवली.

“काचेवर होती तवर ती बाहेर होती,” मोठ्या आई म्हणाल्या. “पाठ आपल्याकडं, तोंड रस्त्याकडं. आता काचेवर नाय. मग कुठल्या अंगाला हाय?”

बोलक्या मुलीनं हातातली साडी खाली ठेवली आणि मागच्या पुतळ्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेठ म्हणाले, “आई, ते पाण्याचे डाग होते. यानं सांगितलं ना.”

“ह्यानं डागाचं सांगितलं. मी बाईचं इचारतेय.” त्या आत्याकडे वळल्या. “तू तिच्या बाजूनं पानी टाकतेस, असं कळलं मला. अजून टाकतेस?”

आत्या म्हणाली, “टाकते.”

“उद्या सकाळी मी येईन. तू त्या जागेवर पानी टाक. सरळ. माझ्यासमोर. कोनी नाय तिथं, तर तुला टाकायला काय हरकत? टाकलंस तर मी समजेन का गेली ती, आनि तू खुशाल राहा. नाय टाकलंस तर तू आनि ती, दोघी माझ्या दारात नको.”

त्या रात्री मी आत्याला किती समजावलं. एक मग पाणी, एवढंच. खोली राहील, काम राहील. काचेचं काही होणार नाही, कारण मी बॅटरीच्या पाण्याचा कॅन भरून ठेवला होता. त्या पाण्यात दगड नसतो, कितीही वाळलं तरी डाग पडत नाही. ती ऐकत होती. “हां,” म्हणाली. “टाकीन ना. त्यात काय.” मग भांड्यातला उरलेला भात दुधात कालवून तिनं माझ्यापुढे सारला आणि स्वतःचं लुगडं, पेटीतलं, चाळवत बसली. गुपचूप बांधाबांध करत होती, हे मला उशिरा कळलं.

सकाळी धुकं होतं. मोठ्या आई शाल गुंडाळून कट्ट्यासमोर खुर्चीवर बसल्या होत्या. शेठ मोटरसायकलला टेकून उभे होते. मी कॅनमधलं पाणी बादलीत ओतून दिलं आणि वायपर घेऊन मागे राहिलो. रस्त्यावर एसटीची वाट बघणारी दोनचार माणसं होती. ती कट्ट्याच्या दोन टोकांना बसली होती. मधे कोणी नव्हतं, आणि ते मी प्रथमच नीट पाहिलं. पाणी येतंय म्हणताच ती उठून बाजूला झाली.

आत्यानं सडा घातला. नंतर मग भरला आणि टोकापासून सुरुवात केली. पाणी काचेवर आदळून खाली येत होतं. मधल्या जागेपाशी आली. मोठ्या आई म्हणाल्या, “टाक.”

आत्यानं मग खांद्यापर्यंत उचलला. ती समोर बघत होती, काचेकडे नव्हे. काचेच्या थोडी अलीकडे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. नंतर तिनं मग हळूच खाली घेतला आणि पाणी परत बादलीत ओतलं.

“नाय टाकत,” ती म्हणाली.

“का?”

“थंडी हाय, मोठ्या आई. बसलेल्या मानसाच्या अंगावर पानी टाकायचं, असं मला कुनी शिकवलं नाय.” तिनं बादली बाजूला ठेवली आणि पदरानं हात पुसले. “पेटी बांधलीय माझी. पोरगा सोडील मला टोकावड्याला.”

“दिसते तुला?” मोठ्या आईंनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

“दिसत नाय. पन बसलीय.”

“बाहेर?”

“बाहेरच. पाठ तुमच्याकडं करून. आत यायला तिला कोन बोलवतंय.”

मोठ्या आईंनी शाल घट्ट ओढून घेतली. धुक्यातून एक एसटी आली, थांबली, माणसं चढली, गेली. मग त्या शेठकडे वळून म्हणाल्या, “हिला काढू नको.”

“अगं, कालच तू म्हणालीस...”

“काल मला ठाऊक नव्हतं ती कुठं हाय. ही गेली तर उद्या कोण सांगणार? नवी बाई ठेवशील, ती धाडकन पानी मारील तिच्या अंगावर.” त्या उठल्या. दुकानात आत जाताना त्यांनी कट्ट्याचा मधला भाग टाळला आणि वळसा घालून गेल्या. शेठही मोटरसायकल लोटत मागून गेले, वळसा घालूनच.

आत्यानं खोलीत जाऊन पेटी पुन्हा खाटेखाली सरकवली. तो आवाज मला बाहेर आला. परत आली, मग भरला, डाव्या बाजूनं तिरकं पाणी मारलं, एक पाऊल सरकून उजव्या बाजूनं मारलं. “पूस आता, बघत काय बसलास,” मला म्हणाली. “वाळायला सोडायची नाय ना?”

मी वायपर घेतला आणि तिच्या मागोमाग काच ओढत निघालो. वरून खाली, एक पट्टा, दुसरा पट्टा. ओली काच बर्फासारखी लागत होती. मधल्या जागेशी आलो. तिथं पुसायला काही नव्हतं, पण एखादा थेंब उडाला असेल म्हणून हात फिरवून पाहिला. काच कोरडी होती आणि कोमट होती.

ओली काच वाऱ्यानं थंड पडते, कोरडी तितकी पडत नाही. हे मला शिकवलेलं आहे आणि ते खरं आहे. मी हात काढून घेतला, वायपर उचलला आणि वळसा घालून पुढच्या ओल्या काचेकडे गेलो.